पोहेवाला गेला कुठे? (सोसायटी ग्रुपवरचा रविवार)

*रविवार, सकाळी ७.१२*

सी-४०२ वहिनी: सुप्रभात. आपल्या नागपूरच्या या मनीषनगरात सकाळी गरम, पोटभर अन् परवडेल असा नाश्ता कुठे मिळतो, कोणी सांगेल का? नणंद-नंदोई काल रात्री समृद्धीने नाशिकहून आलेत. गॅस नेमका कालच संपला. मोबाईलवरून पाच प्लेट तर्री पोहे मागवले तर ४८५ रुपये! पाऊण तासाने आले, पोहे गार, तर्रीची पिशवी फुटलेली. पाहुण्यांसमोर लाज गेली माझी.

ए-१०३ काका: मागच्या दिवाळीपर्यंत हा प्रश्न कोणाला पडत नव्हता वहिनी. गेटपासून पन्नास पावलांवर २५ रुपयांत प्लेट होती. वरून तर्री मागा तेवढी.

अध्यक्ष: काका, सकाळी सकाळी तो विषय नको.

ए-१०३ काका: मी कोणाचं नाव घेतलं का जी?

बी-२०१: सर्व सभासदांना नम्र विनंती. पाहुण्यांच्या गाड्या बी विंगच्या उतारावर लावू नयेत. एमएच १५ ची पांढरी गाडी कोणाची?

सी-१०१ (भाड्याने राहणारे विद्यार्थी): वहिनी, केपीला, म्हणजे कस्तुरचंद पार्कला जा. जयप्रकाश नगरहून मेट्रो पकडा. बर्डी (सीताबर्डी), झिरो माईल, मग कस्तुरचंद पार्क स्टेशन. गाडी बदलायचं काम नाही, ऑरेंज लाईनच आहे. आम्ही रविवारी सगळे तिथेच असतो.

सी-४०२ वहिनी: सासूबाईंचे गुडघे दुखतात रे बाळा. मेट्रोने पोहे खायला कुठे नेऊ त्यांना.

डी-२०२: नमस्कार. आम्ही पुण्याहून नवीनच आलो आहोत. परवा एका टपरीवर पोहे घेतले. त्यांनी विचारलं, सांबार टाकू का? मी घाईघाईने नको म्हटलं. पोह्यावर सांबार खातात इथे?

बी-५०१ काकू: अगं बाई, सांबार म्हणजे कोथिंबीर! 😄 इडलीचं नाही. हिवाळा येऊ दे, सांबारवडी करून पाठवते तुला.

डी-२०२: अरे देवा. म्हणजे मी कोथिंबिरीला नको म्हटलं 🙈

डी-४०१: आमच्या पुणेकर पाहुण्यांचंही हेच झालं होतं 😂😂

अध्यक्ष: ग्रुप कामाच्या सूचनांसाठी आहे, याची सर्वांनी नोंद घ्यावी.

ए-१०३ काका: नाश्ता हेही कामच आहे अध्यक्ष साहेब. रात्रपाळीचे आपले दोन वॉचमन सात वाजता सुटायचे ते त्या टपरीवर प्लेटभर पोहे अन् चहा घेऊन घरी जायचे. आता बिस्किटाचा पुडा खातात. मी रोज पाहतो, माझी खिडकी गेटवरच आहे.

अध्यक्ष: काका, आपल्याला माहीत आहे का झालं ते. डी विंगच्या आजोबांना छातीत दुखत होतं, अॅम्ब्युलन्स सात मिनिटं गेटबाहेर अडकली. टपरीवर आलेल्यांच्या दुचाक्या आडव्या होत्या. उद्या काही झालं असतं तर तुम्हीच मला विचारलं असतं.

डी-४०१: हे खरं आहे. माझेच वडील होते. टपरीवर माझा राग नव्हता, पण ती सात मिनिटं मी विसरू शकत नाही.

ए-१०३ काका: दादा, तुमचं शंभर टक्के मान्य. पण दुचाक्या त्याच्या नव्हत्या. अर्ध्या तर आपल्याच पोट्ट्यांच्या होत्या. गेटसमोर पिवळे पट्टे मारा, वॉचमनला शिट्टी द्या, हे मी तेव्हाच लेखी दिलं होतं. तक्रार थेट महानगरपालिकेत गेली.

बी-३०२ (वकील): २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय विक्रेत्याला उठवता येत नाही, हलवायचं असलं तरी ३० दिवसांची नोटीस लागते. त्याला कोणीच काही सांगितलं नाही. तो बिचारा एका सकाळी गाडा घेऊन निघून गेला.

अध्यक्ष: वकील साहेब, तक्रारीवर तुमचीही सही आहे.

बी-३०२ (वकील): *हा संदेश हटवण्यात आला आहे*

बी-२०१: सर्व सभासदांना नम्र विनंती. पाहुण्यांच्या गाड्या बी विंगच्या उतारावर लावू नयेत. एमएच १५.

ए-३०१ डॉक्टर वहिनी: मी दोन गोष्टी सांगते, राग मानू नका. तो पोहे कागदावर द्यायचा. छापील वर्तमानपत्रात गरम तेलकट खाणं नकोच. शाईतली रसायनं अन्नात उतरतात, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत त्याला मनाई आहे. दुसरं, आलूबोंड्याचं तेल. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातल्या पोलर संयुगांची (तेल पुन्हा पुन्हा तापवलं की वाढतात ती) मर्यादा २५ टक्के आहे, पण टपरीवर ते कोण मोजणार? काळं पडलेलं, फेसाळणारं, धूर सोडणारं तेल दिसलं की बोंडा नको. पोहे मात्र चालतील. आणि साडेआठच्या आत खा. गर्दीच्या ठिकाणी परात रिकामी होते अन् ताजी भरते, तेच सुरक्षित.

ए-१०३ काका: डॉक्टर वहिनी, मी त्याला स्टीलच्या प्लेटा घेऊन दिल्या होत्या. दोन डझन. शेवटचे दोन महिने त्यातच द्यायचा. गरम पाण्याची बादली बाजूला असायची.

ए-३०१ डॉक्टर वहिनी: हे मला माहीत नव्हतं काका.

बी-५०१ काकू: टपरी-टपरी काय लावलंय. उकडपेंडी करा घरी! जाडसर कणीक खमंग भाजायची, फोडणीत कांदा परतायचा, ताकाचा शिपका देऊन झाकण ठेवायचं. दहा रुपयांत चार माणसं जेवतील.

सी-४०२ वहिनी: काकू, गॅस संपलाय माझा 🙏

बी-५०१ काकू: मग ये ना माझ्याकडे! पाच माणसांची कणीक घेते. मला विचारायचंस तरी.

सी-४०२ वहिनी: संकोच वाटला हो. मागच्या महिन्यात टाकीवरून आपलं बोलणं झालं होतं ना.

बी-५०१ काकू: टाकीचं टाकीपाशी. ये तू.

सी-१०१: काका, एक सांगू? तो पोहेवाला छत्रपती चौकाच्या अलीकडे उभा राहतो आता. मेट्रोच्या खांबाजवळ. आम्ही परवा खाल्ले. प्लेट ३० झाली आहे.

ए-१०३ काका: काय सांगून राहिला तू? आठ महिने झाले रे पोरा, सांगायचं नाही?

सी-१०१: तुम्हाला माहीत असेल असं वाटलं.

डी-२०२: एवढं काय आहे त्याच्या पोह्यात?

ए-१०३ काका: चना. काळे हरभरे आदल्या संध्याकाळी भिजत घालायचा, पहाटे चारला शिजायला लावायचा. कांदा-खोबरं काळं होईस्तोवर भाजून त्याचं वाटण. तवंग असा की प्लेट हलवली तर लाल रेघ फिरते, ती खरी तर्री. लोक नुसत्या रश्शाला तर्री म्हणतात. पोहे जाड, भिजवून निथळलेले, मोकळे. वर कच्चा कांदा, चिवडा, सांबार, लिंबू. खाताना नाकातून पाणी आलं पाहिजे. रेल्वेत ३४ वर्षं नोकरी केली, किती स्टेशनांवर नाश्ता केला असेल मी, पण २५ रुपयांत दुपारी दोनपर्यंत भूक न लागणं फक्त इथे पाहिलं. विद्यार्थी, वॉचमन, दूधवाले, घरकामाच्या बाया, सगळ्यांची सकाळ त्यावर चालायची. मी निघालो. कोणाला किती हव्यात, लिहा.

सी-१०१: ४

डी-२०२: २. सांबार जास्त 😊

ए-३०१ डॉक्टर वहिनी: १, तेल निथळून. काका, डबे घरून न्या.

डी-४०१: ३. बाबांना बिनतिखट साधे पोहे चालतील.

बी-३०२ (वकील): २

ए-१०३ काका: वॉचमनच्या २ मी धरल्या.

बी-२०१: सर्व सभासदांना नम्र विनंती. पाहुण्यांच्या गाड्या बी विंगच्या उतारावर लावू नयेत.

ए-१०३ काका: तुम्हाला किती?

बी-२०१: २.

*सकाळी ८.२०*

ए-१०३ काका: भेटला. मला पाहून हात पुसत पुढे आला. प्लेटा अजून त्याच आहेत, एकही हरवली नाही. पैसे घेत नव्हता, जबरदस्तीने दिले. विचारत होता, डी विंगचे बाबा कसे आहेत. त्या दिवशी दुचाक्या उचलून बाजूला ठेवणाऱ्यांत तोही होता म्हणे.

डी-४०१: हे मला कोणी सांगितलं नाही.

डी-४०१: काका, बाबांना सांगतो मी. पुढच्या रविवारी त्यांना घेऊन जाऊ का तिथे?

अध्यक्ष: पिवळ्या पट्ट्यांचा विषय पुढच्या सभेत घेतो. काका, तुमचं जुनं पत्र परत द्या, माझ्या फाईलमध्ये सापडत नाही.

ए-१०३ काका: देतो. झेरॉक्स आहे माझ्याकडे.

अध्यक्ष: आणि माझ्याकडे २ प्लेट पाठवा. तर्री कमी, हिला अॅसिडिटी आहे.

सी-४०२ वहिनी: काकूंकडे उकडपेंडीही झाली, पोहेही आले. नंदोई दुसरी प्लेट खाताहेत, डोळ्यांतून पाणी येतंय तरी थांबत नाहीत.

बी-२०१: एमएच १५?

सी-४०२ वहिनी: त्यांचीच आहे. हात धुतले की काढतात.