बहुमत होतं, पण साठ नव्हते

'२०२१ मध्ये अमेरिकेत व्हाइट हाउस, हाउस (संसदेचं कनिष्ठ सभागृह) आणि सिनेट (वरिष्ठ सभागृह) तिन्ही डेमोक्रॅट्सकडे होती, मग निवडणूक सुधारणांचा फॉर द पीपल अ‍ॅक्ट का झाला नाही?' असं विचारलं जातं. उत्तर फिलिबस्टरमध्ये, म्हणजे सिनेटमध्ये अल्पमतातल्यांना चर्चा रोखून विधेयक अडवू देणाऱ्या प्रथेत आहे. हाउसमध्ये ३ मार्चला विधेयक २२०-२१० ने मंजूर झालं. सिनेटमध्ये २२ जूनला चर्चा सुरू करायलाच ६० मतं हवी होती, पडली ५०-५०. म्हणजे विधेयक हरलं असंही नाही, ते पटलावर आलंच नाही. पुढे जानेवारी २०२२ मध्ये साठ मतांचा नियमच बदलायचा प्रयत्न झाला, तेव्हा जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा हे डेमोक्रॅट्सचेच दोन सिनेटर आडवे आले.

या विधेयकावर होणारा 'करदात्यांच्या पैशांवर प्रचार' हा आरोप मात्र अर्धवट आहे. उमेदवाराला २०० डॉलरपर्यंतच्या देणगीवर सरकारी निधीतून सहापट जोड मिळणार होती, म्हणजे २०० दिले की उमेदवाराच्या हाती १४००. पण तो पैसा कंपन्यांकडून वसूल होणाऱ्या दंडांवरच्या अधिभारातून यायचा होता. तरीही आठशेच्या आसपास पानांत मतदारनोंदणी, मतदारसंघांची आखणी, देणगीदारांची नावं आणि वर सुप्रीम कोर्टाची आचारसंहिता, एवढं सगळं कोंबायची काय गरज होती? देणगीदारांची नावं उघड करण्यावर तर २०१९ मध्ये एसीएलयू या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेनेही आक्षेप घेतला होता, आणि ती काही रिपब्लिकनांची संस्था नव्हे. निदान आपोआप मतदारनोंदणीचा भाग तरी सुटा आणायचा होता. साठ मतं तेव्हाही जमली नसती म्हणा, पण विरोध करणाऱ्यांना कारण शोधावं लागलं असतं.