घाण मिसळली तरी टीसी पडत नाही, मग जस्ताने का पडतो?

खंडवारोडकर:
एमएस्सी फिजिक्स, इंदूर. एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये. अ‍ॅल्युमिनियमचा टीसी (ज्या तापमानाखाली सुपरकंडक्टरचा रेझिस्टन्स शून्य होतो ते) १.२ केल्विन, त्यात दुसरा साधा धातू एखाद टक्का घातला तर रेझिस्टिव्हिटी चांगलीच वाढते पण टीसी जेमतेम हलतो. मग वायबीसीओमध्ये (यिट्रियम-बेरियम-तांब्याच्या ऑक्साइडचा सुपरकंडक्टर) तांब्याच्या जागी दोन-तीन टक्के जस्त गेलं की ९२ चा टीसी धाडकन खाली का येतो, जस्त चुंबकीय थोडीच आहे?? सर म्हणाले अँडरसनचं घाणेरड्या सुपरकंडक्टरवरचं काम वाच, वाचला, गोंधळ वाढला.

रामबागवाली:
अँडरसन १९५९ मध्ये म्हणाला ते एवढंच की सुपरकंडक्टरमधली इलेक्ट्रॉनची जोडी संवेग 'के' आणि उलटा संवेग 'मायनस के' यांचीच हवी हा हट्ट सोड. घाणेरड्या धातूत 'के'ला अर्थच उरत नाही, पण जी स्टेट असेल तिची काळ उलटा फिरवलेली जोडीदार तेवढ्याच एनर्जीला असते, जोडी त्या दोघांची जमते. चुंबकीय अणू मात्र दोन उलट्या स्पिनना वेगवेगळं वागवतो म्हणून जोडी तुटते, लँथनममध्ये टक्काभर गॅडोलिनियम टाकलं की खेळ जवळपास खलास. आता हे सगळं गॅपचं (जोडी किती घट्ट ते सांगणाऱ्या राशीचं) चिन्ह सगळीकडे एकच असेल तर. वायबीसीओ डी-वेव्ह, म्हणजे गॅप एका दिशेला प्लस, नव्वद अंश फिरलं की मायनस. इलेक्ट्रॉन आपटून इकडचा तिकडे गेला की गॅपची सरासरी शून्याकडे, चुंबक लागतच नाही.

पोहेजलेबी:
भिया, टीसी हलला नाही म्हणजे काहीच बदललं नाही असं नको समजू. मीन फ्री पाथ (दोन टकरींमधलं इलेक्ट्रॉनचं अंतर) घटला की कोहेरन्स लेंग्थ (जोडीचा पसारा) आखडते, पेनिट्रेशन डेप्थ (चुंबकीय क्षेत्र आत शिरतं ती खोली) वाढते आणि वरचं क्रिटिकल फील्ड (ज्या क्षेत्राला सुपरकंडक्टिव्हिटी संपते ते) चढतं. शुद्ध नायोबियम ९.२ केल्विनचं, पण अर्ध्या टेस्लाच्या आतच त्याची सुपरकंडक्टिव्हिटी गार. नायोबियम-टायटॅनियमचा टीसी जवळपास तेवढाच, तरी एलएचसीचे (सर्नच्या कण-त्वरकाचे) चुंबक त्याच तारेवर ८.३३ टेस्ला देतात.

खंडवारोडकर:
म्हणजे घाण चांगलीच? मग आरआरकॅटमध्ये (इथल्या त्वरक संस्थेत) कॅव्हिटीला (कणांना वेग देणाऱ्या पोकळ भांड्याला) इतकं शुद्ध नायोबियम कशाला?

पोहेजलेबी:
उष्णता बाहेर काढायला, अशुद्ध नायोबियम उष्णता नीट वाहून नेत नाही. पण पृष्ठभागावर मुद्दाम थोडा नायट्रोजन घालतात, अमेरिकेच्या फर्मीलॅबवाल्यांनी दाखवलं, क्यू (कॅव्हिटी एनर्जी किती कमी वाया घालवते त्याचं माप) वाढतो. फार स्वच्छ आणि फार घाण यांच्या मध्ये कुठेतरी सरफेस रेझिस्टन्स सगळ्यात कमी असतो.

रामबागवाली:
आणि फिल्म अगदी पातळ असेल तर अँडरसनवर विसंबू नकोस, बिस्मथच्या फिल्म १९८९ मध्येच इन्सुलेटर होताना दिसल्यात. तुझं सॅम्पल बल्क (जाड तुकडा) आहे की फिल्म ते आधी सांग.