ऑफिसातल्या १४ कॉम्प्युटरना नावं कशी द्यावीत?

सांगलीकर_टॅक्सवाला
नमस्कार मंडळी. आमचं टॅक्सचं छोटं ऑफिस आहे, १४ मशीन, २ प्रिंटर आणि फाइली ठेवायला एक नॅस. नावं ज्याला जशी सुचली तशी दिलीत. 'रिसेप्शन' नावाचं मशीन दोन वर्षं झाली माळ्यावर बॅकअप घेतंय, आणि 'अकाउंट्स', 'अकाउंट्स-२', 'अकाउंट्स-न्यू' यातलं खरं कुठलं ते फक्त आमच्या जुन्या क्लार्ककाकांना माहीत. परवा मी इथनंच भलतंच मशीन रीस्टार्ट केलं, त्यावर एक मुलगी रिटर्न भरत बसली होती, तिचं अर्ध्या तासाचं काम गेलं, फार वाईट वाटलं. आता सगळी नावं एकदाच बदलायचीत. किल्ल्यांची द्यावीत असं मनात आहे. काय म्हणता?

घाटावरचा
किल्ले मलाही जीव की प्राण, पण आम्ही तेच केलं आणि पस्तावलो. रायगडच्या शेवटी कुणी डी लिहितो कुणी डीएच, सिंहगडाची तर तीन स्पेलिंगं झाली. राजगड आणि रायगडमध्ये इंग्रजीत एकाच अक्षराचा फरक, फोनवर सांगितलं की हमखास घोळ. आणि हरिश्चंद्रगड इंग्रजीत १६ अक्षरं होतं, विंडोजचं नेटबायॉस नाव (नेटवर्कवर मशीन ओळखायचं जुन्या पद्धतीचं नाव) १५ अक्षरांचंच, शेवटचा डी गळाला.

केबल_ओढणारा
सगळ्यात आधी एक, नावात काम, माणूस, टेबल काहीही घालू नका, कारण तेच बदलतं. १९९० सालचं आरएफसी ११७८ (आरएफसी म्हणजे इंटरनेटवाल्यांची नंबर दिलेली जाहीर टिपणं) याच विषयावर आहे, जरूर वाचा. त्यात किस्सा आहे, कारखान्याच्या शॉप फ्लोअरसाठी घेतलेल्या मशीनला 'शॉप' नाव दिलं, मग त्याच कामाला आणखी मशीन आली आणि वर्षभराने मूळचं मशीन भलत्याच प्रोजेक्टला गेलं. कामाचं नाव हवंच असेल तर ते डीएनएसमध्ये (नावावरून मशीनचा पत्ता शोधून देणारी सोय) टोपणनाव म्हणून द्या, म्हणजे 'फाइल्स' हे नाव आज या नॅसकडे, उद्या नव्याकडे, लोकांना काही बदलावं लागत नाही. नावात फक्त अक्षरं, आकडे आणि मधे हायफन, अंडरस्कोर अजिबात नको.

नक्षत्रप्रेमी
नक्षत्रं घ्या, २७ आहेत, पुरून उरतील.

घाटावरचा
पण ऑफिसात एखादी रोहिणी किंवा स्वाती असेलच, 'रोहिणी बंद पडली' असं दिवसभर कोण ऐकून घेईल? त्यापेक्षा पुणे-मिरज लाइनवरची स्टेशनं घ्या. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार, सातारा, कराड. छोटी नावं, इंग्रजी स्पेलिंग फलाटावरच्या पाटीवर आहे तेच, भांडणच नाही, आणि तुमच्याकडे सगळ्यांनी ती पाटी गाडीतून पाहिलेली असणार.

दोनशे_मशीनवाला
१४ ला हे झकास. आमच्याकडे दोनशेच्या वर आहेत, तिथे नावं पुरत नाहीत, आम्ही मालमत्ता नंबरच नाव म्हणून देतो आणि त्याचाच स्टिकर मॉनिटरवर न लावता सीपीयूच्या डब्यावर लावतो, मॉनिटर अदलाबदल होतात.

सांगलीकर_टॅक्सवाला
स्टेशनं ठरली! नॅसला जेजुरी, काकांच्या मशीनला कराड, ते तिकडचेच. शनिवारी संध्याकाळी बसतो.

केबल_ओढणारा
बसण्याआधी प्रत्येक मशीनवर जाऊन जोडलेले ड्राइव्ह आणि प्रिंटर वहीत उतरवून घ्या. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा जुन्या नावाच्या पाथवर असेल तर नाव बदलताक्षणी तो सापडेनासा होईल. आणि रिटर्नची ३१ जुलै तोंडावर असेल तर हात लावू नका, ऑगस्टमध्ये करा.