मॅटाडोरचे पार्ट कुठे मिळतील?

मंडळी, मदत हवी आहे. बाबांची १९८७ ची बजाज टेम्पो मॅटाडोर परत रस्त्यावर आणायची आहे. निफाडची द्राक्षं मार्केटला आणायला घेतलेली, गेली अकरा वर्षं पंचवटीत पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. मागचं दार उघडलं की अजूनही पेटीतल्या भुशाचा वास येतो!

इंजिन हाताने फिरतंय, जाम नाही. खरी अडचण पुढे आहे. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, त्यामुळे इंजिनचा सगळा जोर पुढच्या चाकांना पोचवणाऱ्या सांध्यांवर, म्हणजे सीव्ही जॉइंटवर. डाव्या बाजूचं रबर बूट फाटून आत माती गेलीय, गोळ्यांना खड्डे पडलेत. सातपूरचा मिस्त्री म्हणतो, "दुसऱ्या गाडीचा बसवून देतो." माझं मन घेत नाही. स्प्लाइन (शाफ्टवरचे एकमेकांत बसणारे दाते) जुळले नाहीत तर?

पुढच्या काचेचं रबर बीडिंगही हवंय. मालेगाव किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात कुणाला नुकतंच काही मिळालंय का? आकुर्डीला, कंपनीच्या कारखान्याच्या आसपास, जुना स्टॉक ठेवणारं कुणी?

आणि कागदपत्रं. विंटेज नोंदणीला ५० वर्षं लागतात, म्हणजे ती वाट बंद. नाशिक आरटीओत एवढ्या जुन्या मालवाहू गाडीचं फिटनेस अलीकडे कुणी करून घेतलंय का? 'स्क्रॅपला द्या' हा सल्ला घरातूनच रोज मिळतो, तो नको.