भोकाचा पैसा उशिरा आला

दुसऱ्या महायुद्धात दुकानदारांनी चिल्लरऐवजी आपल्याच दुकानाच्या चिठ्ठ्या दिल्या त्या गिऱ्हाईक बांधून ठेवायलाच, असं काही जण म्हणतात; मला ते अर्धंच पटतं. गिऱ्हाईक बांधलं जायचं हे खरं, पण गल्ल्यात सुटे पैसेच नसतील तर दुकानदार तरी काय करणार? लोकांनी नाणी घरात दाबून ठेवली होती. गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं १९४० मध्येच गुन्हा ठरवलं, तरी १९४२-४३ ला टंचाई होतीच. भोकाचा पैसा, म्हणजे मधे भोक असलेलं एका पैशाचं नाणं, आला तोच १९४३ मध्ये, जुन्या पैशाच्या निम्म्याहून हलका. तांबं वाचवायला काढलेला.

आमच्या आजोबांच्या डब्यात नाशिकच्या एका किराणा दुकानाची अशी चिठ्ठी आहे. जाड पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा, जांभळा शिक्का, शाईने लिहिलेलं 'अर्धा आणा', कडा तेलकट. मागे तीन वेगवेगळ्या हातांच्या खुणा आहेत. म्हणजे ती त्या दुकानाबाहेरही फिरली असणार, नाहीतर एवढे हात कशाला लागले असते? कुणाकडे अशा चिठ्ठ्या असतील तर मागची बाजू जरूर बघा, आणि पुसू नका. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेसंग्रहालयात मी तासन्‌तास घालवलेत. नाण्यांइतकाच जीव या पुठ्ठ्यांनाही लावायला हवा.