एलाचा 'साथीदार' म्हणावं का?

ठाण्याच्या घंटाळीत आम्ही आठ-दहा जण रेकॉर्ड ऐकायला जमतो. या वेळी टॉमी फ्लॅनगन (१९३०–२००१). टिपणाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, 'डेट्रॉइटचा जाझ पियानोवादक, गायिका एला फिट्झजेराल्डचा साथीदार'. खालच्या मजल्यावरचे काका तबला वाजवतात, ते वाचून हसले. "अरे, 'मुख्य आरोपी फरार, दोन साथीदार अटकेत' असं वाटतंय!" 'संगतकार' मला हिंदी वाटतो. काय लिहू?

प्रतिसाद १
काकांना नमस्कार सांगा, पण गवई मंडळी सर्रास 'माझे साथीदार' म्हणतात. शब्द बरोबर आहे, बातम्यांनी बिघडवलाय. मला खटकतं ते वेगळंच. आपला पेटीवाला गायकाच्या मागोमाग जातो, तान सुटली की तिची सावली धरतो. जाझमधला पियानोवाला गायिकेची ओळ सहसा वाजवतच नाही. तिच्या गाण्याखाली तुटक लयीत स्वरसंघ (एकदम वाजवलेले तीन-चार स्वर, म्हणजे कॉर्ड) टाकतो, ती श्वास घेते त्या फटीत थोडी भर घालतो. त्याला तिकडे 'कॉम्पिंग' म्हणतात. त्यामुळे 'झील धरणे' नको, झीलकरी शाहिराचं पालुपद उचलतात. आणि 'री ओढणे' म्हणजे तर निव्वळ होयबा!

प्रतिसाद २
गडकरी रंगायतनमधल्या एखाद्या मैफलीची पत्रिका काढून बघा. 'तबला साथ', 'संवादिनी साथ' आणि पुढे नाव. माणसासाठी वेगळं नाम लागतच नाही. तसंच 'पियानो साथ : टॉमी फ्लॅनगन', आणि मजकुरात 'एलाच्या साथीला'. 'संगत'ही अस्सल मराठी आहे, फक्त 'वाईट संगत' आधी आठवते.

मूळ लेखक
'एलाच्या साथीला' झकास बसलं. १९६३ ते ६५ आणि पुन्हा १९६८ ते ७८, दोन्ही खेपांना चाललं. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या 'जायंट स्टेप्स'ला (१९५९) मात्र नुसती 'साथ' पुरेना. तिथे फ्लॅनगनचा सोलोही (एकट्यानं पुढे येऊन वाजवणं) आहे. स्वरसंघ इतक्या झपाट्यानं बदलतात की तो अडखळतो, शेवटी सुटे स्वरसंघच वाजवतो. १९८२ मध्ये तीच रचना त्यानं आपल्या त्रिकुटासह पुन्हा वाजवली, तेव्हा मुख्य वादक तोच. म्हणून वर 'पियानोवादक' ठेवलं, 'साथ' फक्त एलापुरती.

एक ओळ अजून अडलीय. १९७८ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर तो एलाकडून बाहेर पडला. मी लिहिलं, 'एलाची साथ सोडली'. काका लगेच म्हणाले, "का रे, भांडण झालं होतं का?" तूर्त 'साथ थांबवली' केलंय.