राणीची जोडी हातात आणि समोरून पाचपट रेझ: कॉल, फोल्ड की ऑल-इन? (सल्ला हवा)

विश्रामबागचा_गुलाम
मंडळी, आम्ही नऊ जण दर शनिवारी रात्री सांगलीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत टेक्सस होल्डेमची (पोकरचा प्रकार: हातात दोन पानं, टेबलावर सगळ्यांची मिळून पाच) टूर्नामेंट लावतो. पैसे नाहीत, एक रुपयासुद्धा नाही. प्रत्येकाला ५००० चिप्स, ब्लाइंड (पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने टाकायच्या चिप्स, एक लहान, एक मोठा म्हणजे बिग) २५-५० पासून सुरू, दर वीस मिनिटांनी वाढ. सगळे तीन पत्तीत वाढलेले, त्यामुळे पानं टाकणं (फोल्ड, म्हणजे डाव सोडणं) कुणाच्या रक्तात नाही.

माझा घोळ वेगळाच आहे. भिकार पानं मला टाकता येतात. भारी पानं आली की डोकं चालत नाही. गेल्या शनिवारी ब्लाइंड २००-४०० होते, माझ्याकडे ९२००. आमच्यात रेझ (बोली वाढवणं) म्हणजे साधारण हजार. माझ्या आधीच्याने थेट २००० टाकले, बिग ब्लाइंडच्या पाचपट. मी बटनवर (वाटणाऱ्याच्या जागी), हातात इस्पिक राणी आणि बदाम राणी. कॉल केला (तेवढेच टाकले), ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली. फ्लॉप (टेबलावरची पहिली तीन पानं) आला एक्का, सत्ती, दुर्री. त्याने ऑल-इन (सगळ्या चिप्स आत) म्हटलं. मी राण्या टाकल्या, त्याने दात काढत नव्वीची जोडी दाखवली.

त्याच्या आधल्या शनिवारी उलटं. एक्का-राजा घेऊन मोठ्या रेझवर मीच ऑल-इन गेलो, तर समोर राजाची जोडी. म्हणजे दबलो तरी मार, चढलो तरी मार. करायचं काय?

यार्डातला_दिनू
लका, कॉल हीच चूक. २००० दिल्यावर पॉट (मधला ढीग) झाला ४६०० आणि तुझ्याकडे उरले ७२००. राणी हातात असताना फ्लॉपवर एक्का नाहीतर राजा येण्याची शक्यता ४१ टक्के. म्हणजे पाचात दोनदा तू घाबरणार हे आधीच ठरलेलं, आणि त्यासाठी स्टॅकचा (तुझ्या चिप्सचा) पाचवा हिस्सा मोजलास. तेवीस ब्लाइंडवर (९२०० म्हणजे ४०० चे तेवीस) दोनच रस्ते: ढकल (ऑल-इन जा) नाहीतर टाक. मी ढकलले असते.

पण रेझ कोण करतोय ते बघ. मी हळदीच्या सौद्यात रोज उभा असतो. जो व्यापारी वर्षभर दबकत बोलतो, त्याने एकदम वरचा भाव पुकारला तर मालात काहीतरी आहे समजायचं. जो प्रत्येक ढिगाला ओरडतो त्याचं काय मनावर घ्यायचं? तुमच्या गच्चीवरही तसंच. आणि घरगुती खेळात एक्क्याची जोडी आलेला माणूस बहुधा लहान रेझ करतो, गिऱ्हाईक पळू नये म्हणून. पाचपट टाकतो तो फ्लॉपला घाबरलेला: दश्शी, गुलाम, एक्का-राजा असलं काहीतरी.

गणितमॅडम_सातारा
दिनूभाऊंचं बरोबर आहे, थोडे आकडे जोडते. समोरच्याकडे दश्शीच्या जोडीपासून वरची कुठलीही जोडी किंवा एक्का-राजा असेल, तर राणीची जोडी साधारण ५२ टक्के वेळा जिंकते. तोच माणूस फक्त राजा, एक्का आणि एक्का-राजा एवढ्यावरच पाचपट जात असेल, तर तीच जोडी ४० टक्क्यांवर येते. तुमच्या ऑल-इनला त्याने कॉल केला तर ९२०० घालून १९००० च्या पॉटसाठी खेळताय, म्हणजे ४८ टक्क्यांच्या वर हवं. पानं तीच, पण माणूस बदलला की उत्तर बदललं. तो कधी पानं टाकेल तेव्हाचे २६०० फुकटात मिळतात, ते वेगळेच.

एक्का-राजाबद्दल मात्र फार वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या हातात एक राजा असल्यावर समोर राजाची जोडी असण्याचे प्रकार सहावरून तीनवर येतात, एक्क्याचंही तसंच. तुमचं नशीब फुटकं होतं, खेळ नाही. एक्का-राजा ढकलायला चांगला, कॉल करायला वाईट. कॉल केलात तर फ्लॉपवर जोडी लागायला हवी आणि ती तिनात एकदाच लागते. ढकललात तर लहान जोड्या घाबरून पळतात.

हे सगळं कमी स्टॅकचं. सुरुवातीला, शंभर ब्लाइंड असताना, राणी घेऊन पुन्हा रेझ करा, गुलामाला नुसता कॉलही चालतो. तिथे ऑल-इनची घाई नको.

एक राहिलं. तेव्हा टेबलावर किती जण उरले होते? आणि पैसे नाहीत तर बक्षीस काय?

विश्रामबागचा_गुलाम
मॅडम, चौघं उरलो होतो. बक्षीस असं की शेवटच्या तिघांना जेवण फुकट, अख्खा मसूर आणि रोटी, बिल बाकीच्या सहा जणांचं. रेझवाल्याकडे २१०००, माझे ९२००, एकाकडे १२४००, आणि बिग ब्लाइंडवर बसलेल्याकडे ब्लाइंड धरून २४००. मी पुढच्याच डावात तापून एक्का-गुलाम ढकलले आणि चौथा गेलो. तो २४०० वाला बोटं चाटत जेवला.

गणितमॅडम_सातारा
अहो, हे आधी सांगायचं ना! मग माझं वरचं सगळं या डावापुरतं बाजूला ठेवा. राण्या टाकायच्या. विचारही न करता.

पहिला आणि तिसरा दोघांनाही तेच ताट. पोकरवाले याला सॅटेलाइट म्हणतात. १९००० चिप्स झाल्या म्हणून तुम्हाला दोन ताटं मिळणार नव्हती. २४०० वाला सहा ब्लाइंडवर लटकत होता, त्याला काहीतरी करावंच लागणार होतं. तुमचं ताट जवळजवळ वाढलेलं होतं. आणि तुम्हाला बाहेर काढू शकेल अशा माणसाशी तुम्ही भिडायला गेलात. एक्क्याची जोडी कुठल्याही दोन पानांविरुद्ध साधारण ८५ टक्के जिंकते. ताट त्याहून पक्कं असेल तर सॅटेलाइटमध्ये एक्के टाकणंही बरोबर ठरतं. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही पटायला वेळ लागला.

यार्डातला_दिनू
मॅडम, शरण. मी ढकल म्हणालो होतो, ते मागे घेतो. चौघं म्हटल्यावर गणितच फिरलं.

मिरजेची_तार
थोडं विषयांतर. सराव कुठे करता? २०२५ च्या ऑगस्टमधल्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाले, तेव्हापासून माझा खेळच थांबलाय.

यार्डातला_दिनू
फुकट चिप्सवाल्या ॲपवर. पण तिथे पोरं कशावरही ऑल-इन जातात. पानांचा अंदाज बसतो, माणसांचा नाही.

गच्चीवाला
नमस्कार मंडळी. नव्वीवाला मीच. खोली पण माझीच.

खरं सांगू का गुलाम्या, चौघं उरल्यावर मी पानं बघतच नाही, तुमची तोंडं बघतो. २४०० वाला हलणार नाही आणि बाकीचे दोघं त्याच्या मरणाची वाट बघणार, हे माहीत होतं. म्हणून पाचपट. तू कॉल केलास तेव्हा माझीच टरकली होती. एक्का आला म्हणून वाचलो.

विश्रामबागचा_गुलाम
म्हणजे मी तिथेच ९२०० ढकलले असते तर तू नव्व्या टाकल्या असत्यास?

गच्चीवाला
ते शनिवारी कळेल. येताना भडंग तू आणायचास, बिलाचे तुझे दीडशे अजून बाकी आहेत.